किरणोत्सारी पदार्थ गेलेली जखम: कॅज्युअल्टीत नव्याने रुजू होणाऱ्यांसाठी

दुपारचे तीन वाजले होते. आमच्याच रुग्णालयातला न्यूक्लिअर मेडिसिनचा एक टेक्निशियन अंगठ्याभोवती रुमाल गुंडाळून कॅज्युअल्टीत आला. पेशंटला स्कॅनसाठी टेक्नेशियम या किरणोत्सारी पदार्थाचं इंजेक्शन देऊन झालं आणि सुई बाजूला ठेवताना ती त्याच्याच अंगठ्यात घुसली. 'रेडिओअ‍ॅक्टिव्ह' हा शब्द त्याच्या तोंडून निघाला मात्र, माझ्यासकट सगळे दोन पावलं मागे सरकले. एक जण लेड एप्रन आणायला एक्स-रेकडे पळाला, दुसरा वरिष्ठांना फोन लावत बसला. तो बिचारा चाळीस मिनिटं स्टुलावर बसून होता. शेवटी त्यानेच विचारलं, "डॉक्टर, ज्या पेशंटला टोचलेली सुई आहे, त्याचा एचआयव्हीचा रिपोर्ट कुणी बघतंय का?"

टेक्नेशियम-९९एमचं अर्धायुष्य ६ तास. अडीच दिवसांत ते जवळजवळ संपतं. त्या अंगठ्याला खरा धोका होता रक्तातून येणाऱ्या एचआयव्हीचा आणि हिपॅटायटिस बीचा. एचआयव्ही टाळण्याची औषधं शक्यतो दोन तासांच्या आत आणि फार तर ७२ तासांपर्यंत सुरू करायची असतात. त्यातली चाळीस मिनिटं आम्ही घाबरण्यात घालवली. त्याला पुढे काही झालं नाही, पण ती दुपार मी विसरलेले नाही.

त्यानंतर मी या विषयाचं प्रशिक्षण घेतलं, दोन मॉक ड्रिलमध्ये उभी राहिले आणि दोन्ही वेळा चुका केल्या. कॅज्युअल्टीत नव्याने येणारे इंटर्न, सिस्टर आणि मेडिकल ऑफिसर यांनी त्याच चुका पुन्हा करू नयेत म्हणून हे लिहिते आहे. पहिल्या काही तासांत काय करायचं एवढंच यात आहे. तुमच्या रुग्णालयाची लेखी कार्यपद्धती आणि तुमचे रेडिओलॉजिकल सेफ्टी ऑफिसर, म्हणजे आरएसओ, यांचा शब्द याच्या वर.

१. ऊन की गुलाल, ते आधी ठरवा

उन्हात तासभर उभा राहिलेला माणूस घरात आला म्हणून त्याच्याबरोबर ऊन घरात येत नाही. त्याची कातडी भाजली असेल, पण त्याला हात लावणाऱ्याला चटका बसत नाही. विसर्जनाच्या मिरवणुकीतून आलेला माणूस मात्र सोफ्यावर बसला की सोफा गुलाबी, दार उघडलं की कडी गुलाबी.

पहिला प्रकार म्हणजे नुसतं रेडिएशन लागणं. पाइपलाइनचे वेल्ड तपासायला इरिडियम-१९२चे कॅमेरे वापरतात. त्यातला बंद सोर्स, म्हणजे आवरणातला किरणोत्सारी तुकडा, कुणी हाताळला तर हात भाजतो, तोही बरेचदा काही दिवसांनी दिसतो. पण सोर्सचं आवरण शाबूत असेल तर त्या माणसाच्या अंगावर धुण्यासारखं काही नसतं. त्याला नेहमीच्या पेशंटसारखं आत घ्या.

दुसरा प्रकार म्हणजे कंटॅमिनेशन: भुकटी, द्रव किंवा धातूचा कण अंगावर, कपड्यांवर किंवा जखमेत. हा लेख या दुसऱ्या प्रकाराबद्दल आहे. अखंड कातडी बहुतेक पदार्थ बराच वेळ बाहेर थोपवते, जखम झाली की तो दरवाजा उघडतो. विरघळणारा पदार्थ तिथून रक्तात जातो, न विरघळणारा तिथेच ठाण मांडून बसतो किंवा जवळच्या लसिकाग्रंथींत जातो.

दोन्ही प्रकार एकत्रही येतात. दिल्लीच्या मायापुरीत २०१० साली विद्यापीठाचं जुनं कोबाल्ट-६०चं यंत्र लिलावातून भंगारात आलं, भंगारवाल्यांनी ते तोडलं आणि त्यात एकाचा जीव गेला. भंगार बाजार कुठल्या शहरात नाही? अणुऊर्जा केंद्र जवळ नाही म्हणून असा पेशंट आपल्याकडे येणारच नाही, असं धरून चालू नका.

२. फोन आला की हे विचारा

बहुतेक वेळा आधी फोन येतो. फोन घेणाऱ्याच्या हाताशी छापील कागद हवा, कारण त्या क्षणी काही आठवत नाही. आमच्या कागदावर हे प्रश्न आहेत:

- किती माणसं? शुद्धीत आहेत का? रक्तस्राव, भाजणं, हाड मोडणं?
- कुठला पदार्थ? भुकटी, द्रव की धातूचा तुकडा? सोबत अ‍ॅसिड वगैरे होतं का?
- अपघात किती वाजता झाला?
- उलटी झाली का? झाली असेल तर नेमकी किती वाजता?
- जागेवर कपडे काढले का? मोजणी केली का?
- तिथले आरएसओ कोण, आणि ते सोबत येणार का?

उलटीची वेळ लोक हमखास विसरतात. संपूर्ण शरीराला मोठा डोस लागला असेल तर उलटी जितकी लवकर तितका डोस मोठा, असा ढोबळ अंदाज त्यावरून बांधता येतो. 'आल्या आल्या दोनदा झाली' याचा काही उपयोग नाही. घड्याळातली वेळ लिहा.

पदार्थाचं नाव कळणं सगळ्यात महत्त्वाचं, कारण पुढचं औषध त्यावर ठरतं. गाडी असेल तर तिच्या वाहतुकीच्या कागदांवर नाव असतं, प्रयोगशाळा असेल तर नोंदवहीत. कुणाला तरी ते कागद घेऊन यायला सांगा. फोटो पाठवला तरी चालेल.

मग तुमच्या आरएसओंना फोन करा. सार्वजनिक जागेतल्या अशा प्रसंगांसाठी देशात अणुऊर्जा विभाग ही मुख्य यंत्रणा आहे, आणि त्यांचा आपत्ती व्यवस्थापन गट मुंबईत आहे. पुण्याला एनडीआरएफची, म्हणजे राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची, पाचवी बटालियन आहे. हे क्रमांक आजच तपासून फोनशेजारी चिकटवा. मी इथे देत नाही, कारण क्रमांक बदलतात आणि जुना क्रमांक नसलेल्यापेक्षा वाईट.

३. खोली आणि माणसं

बाहेरून सरळ आत येता येईल अशी एक खोली निवडा. दारापासून टेबलापर्यंत जमिनीवर प्लास्टिक अंथरून कडा चिकटपट्टीने बसवा. दाराशी चिकटपट्टीची ठळक रेषा मारा. रेषेच्या आत गेलेली वस्तू आणि व्यक्ती मोजणी झाल्याशिवाय बाहेर येणार नाही. त्या रेषेवर एक खमक्या माणूस उभा करा. आमच्याकडे ते काम एका सिस्टरना दिलंय, कारण त्या डीन साहेबांनाही अडवतात.

आत जाणाऱ्यांनी घालायचं: गाऊन, टोपी, एन-९५ मास्क, चष्मा, बुटांवर आवरण, दोन जोड हातमोजे. आतला जोड गाऊनच्या बाहीला चिकटपट्टीने बांधायचा, वरचा सतत बदलायचा. टीएलडी बॅज, म्हणजे अंगाला लागलेला डोस नोंदवणारा बिल्ला, असेल तर लावायचा. गरोदर सहकाऱ्यांना या कामावर ठेवू नका.

लेड एप्रन घालू नका. आमचा गडी त्यासाठीच पळाला होता. एक्स-रेचं एप्रन कमी ऊर्जेच्या किरणांसाठी असतं. सीझियम किंवा कोबाल्टच्या गॅमा किरणांपुढे त्याचा फारसा उपयोग नाही, वर ओझ्याने हात जड होतो आणि काम लांबतं. इथे धूळ अंगावर आणि नाकातोंडात जाऊ द्यायची नाही, हेच खरं संरक्षण. नीट कपडे घालून असा पेशंट हाताळणाऱ्या रुग्णालयातल्या माणसाला लागणारा डोस सहसा अगदी किरकोळ असतो.

ट्रॉलीवर तयार ठेवायचं सामान: किरणोत्सार मोजणारा सर्व्हे मीटर आणि जादा बॅटरी, कोमट सलाईनच्या बाटल्या, आयव्ही सेट, २० मिलिलिटरच्या सिरिंज, भरपूर गॉज, पाणी न शोषणारे चिकट ड्रेप आणि ड्रेसिंग, टोकदार कात्री, लांब चिमटे, स्वॅब, झाकणाच्या डब्या, झिपच्या पिशव्या, लेबलं, मार्कर, मोठ्या प्लास्टिक पिशव्या आणि साधा साबण. आरएसओंकडून शिशाचा छोटा डबा मागवून ठेवा. तो का, ते पुढे येईल.

चहा, पाणी, मोबाइल रेषेच्या बाहेर.

पहिल्या मॉक ड्रिलमध्ये 'पेशंट'च्या हातावर अतिनील दिव्याखाली चमकणारी पूड लावली होती. शेवटी दिवे घालवून तो दिवा फिरवला. पूड माझ्या पेनावर, केसपेपरवर, एका इंटर्नच्या मोबाइलवर आणि बाहेरच्या टेबलावरच्या कपाच्या कानावर होती. कॉरिडॉरभर तर चमकणारे पट्टेच पट्टे. मावशींनी नेहमीच्या सवयीने मधेच येऊन फरशी पुसली होती. चूक त्यांची नव्हती, त्यांना कुणी काही सांगितलंच नव्हतं. तेव्हापासून ब्रीफिंगला मावशी आणि मामा पहिल्या रांगेत असतात.

४. पेशंट आला: श्वास, रक्तस्राव, मग बाकी सगळं

इथे मीटर हातात घेऊ नका. श्वासमार्ग, श्वास, रक्ताभिसरण, नेहमीच्याच क्रमाने. धमनीतून रक्त उडत असेल तर दाब द्या. छातीत ट्यूब लागत असेल तर घाला. पेशंट अस्थिर असेल तर त्याला चादरीत गुंडाळून सरळ ऑपरेशन थिएटरमध्ये न्या, धुणं नंतर होईल. किरणोत्सारी धुळीने माणूस त्या क्षणी मरत नाही, रक्त वाहून मात्र मरतो.

पेशंटशी बोला. मास्क आणि चष्म्यातले पाच जण भोवती आणि कुणीच बोलत नाही, या अवस्थेत तो मनाने आधीच खचतो. नाव घेऊन सांगा, "दादा, आधी रक्त थांबवतोय, मग हळूहळू धुणार आहोत."

५. कपडे

बाहेरचे कपडे काढले की अंगावरचं कंटॅमिनेशन बहुतांश, जवळपास नव्वद टक्क्यांपर्यंत, तिथेच जातं. पण काढण्याची पद्धत आहे. जखमेवर आधी पाणी न शोषणारं ड्रेसिंग लावा. पेशंटला मास्क द्या. मग कपडे पुढून कापून, बाहेरची बाजू आत दुमडत, अंगाखालून गुंडाळत काढा. टी-शर्ट डोक्यावरून ओढलात तर सगळी धूळ डोळ्यात आणि नाकात. कपडे झटकू नका. पिशवीत घाला, वर नाव आणि वेळ. पाकीट, घड्याळ, मंगळसूत्र वेगळ्या पिशवीत ठेवून पावती द्या. ते मोजून, पुसून बहुतेक वेळा परत मिळतं, हेही सांगा. एरवी भांडण त्यावरूनच होतं.

६. मीटर फिरवणं

खोलीची बॅकग्राउंड मोजणी, म्हणजे पेशंट नसताना मीटर दाखवतो तो आकडा, पेशंट यायच्या आधीच फळ्यावर लिहिलेली असावी. मग प्रोब, म्हणजे मीटरचा हातात धरायचा भाग, कातडीपासून सेंटीमीटरभर वर, न टेकवता, सेकंदाला दोन-तीन सेंटीमीटर एवढ्या संथ गतीने न्यायचा. डोक्यापासून पायापर्यंत, पुढून, मागून. जखम, नाक, तोंड, नखं, केस यांच्यापाशी थांबायचं. एकाने मोजायचं, दुसऱ्याने रेषेबाहेरून शरीराच्या छापील आकृतीवर आकडे लिहायचे.

नवखे लोक प्रोब इस्त्रीसारखा फिरवतात. मीटरला आकडा दाखवायला वेळ लागतो. घाई केलीत तर जखम तुमच्या नजरेसमोर असूनही सुटेल.

यातला सगळ्यात मोठा सापळा अल्फा किरणांचा. प्लुटोनियम, अमेरिशियम, पोलोनियम हे पदार्थ अल्फा सोडतात आणि अल्फा कण कागदानेही अडतो. जखमेवर रक्ताचा किंवा सलाईनचा पातळ थर असला तरी अल्फा मीटर गप्प बसतो. प्रोबवर प्लास्टिक गुंडाळलं तरीही तेच. २००६ साली लंडनमध्ये माजी रशियन गुप्तहेर अलेक्झांडर लिटविनेन्को यांना पोलोनियम-२१० दिलं गेलं होतं, आणि ते पोलोनियमच आहे हे त्यांच्या मृत्यूच्या दिवशी निश्चित झालं. नेहमीच्या तपासण्यांनी ते पकडलं जात नव्हतं. म्हणून अल्फा पदार्थाची शंका असेल तर जखम टिपून कोरडी करा, मग मोजा, आणि तरीही 'शून्य' या आकड्यावर भिस्त ठेवू नका. अमेरिशियम-२४१ सोबत ६० केईव्ही ऊर्जेचे गॅमा किरणही सोडतं, त्यामुळे योग्य प्रोब असेल तर ते मांसात खोलवरही सापडतं. तो प्रोब आपल्याकडे नसतो, तज्ज्ञांच्या चमूकडे असतो.

७. धुण्याआधी नमुने

धुतलं की पुरावा गेला. म्हणून आधी दोन्ही नाकपुड्यांचे वेगवेगळे स्वॅब, शक्यतो पहिल्या तासात आणि चेहरा धुण्यापूर्वी. पदार्थ श्वासातून आत गेला का, याचा अंदाज त्यावरून येतो. मग जखमेचा स्वॅब. पुढे जखमेतून जे जे निघेल, म्हणजे गॉज, कण, कापलेली ऊती, ते ते डबीत. लेबलवर नाव, शरीराची जागा, तारीख, वेळ.

रक्त: सीबीसी, त्यात लिम्फोसाइटची संख्या. मोठ्या डोसची शंका असेल तर पहिल्या दोन दिवसांत दर सहा तासांनी. क्रोमोसोम तपासणीसाठी लिथियम हेपरिनची, हिरव्या बुचाची नळी लागते. ते रक्त अपघातानंतर साधारण २४ तासांनी घेतलं तर चांगलं. लघवी २४ तासांची पूर्ण गोळा करा. पहिली लघवी 'चुकून ओतून दिली' हे वाक्य मी दोन्ही ड्रिलमध्ये ऐकलं.

८. जखम धुणं

क्रम लक्षात ठेवा: आधी जखम, मग नाक-तोंड-डोळे, मग अखंड कातडी. बाहेरून जास्त आकडा दाखवणारी कातडी आधी धुवावी असं वाटतं, पण जखमेतून पदार्थ आत जात असतो, कातडीवरचा थांबलेला असतो.

जखमेभोवती चिकट कडेचं ड्रेप लावा, मध्ये फक्त जखम उघडी. हात किंवा पाय असा ठेवा की पाणी जखमेतून खाली भांड्यात जाईल, स्वच्छ कातडीवरून ओघळणार नाही. कोमट सलाईन आयव्ही सेटने किंवा सिरिंजने दोन-तीन मिनिटं सोडा. मग टिपा, भिजलेलं ड्रेप काढा, वरचे हातमोजे बदला, मोजा, आकडा लिहा. पुन्हा धुवा.

पाणी कोमटच का? गरम पाण्याने रक्तप्रवाह वाढतो आणि शोषण वाढतं. गार पाण्याने कातडी आकसते, धूळ अडकते, शिवाय पेशंट कुडकुडतो. ब्रश, ब्लीच, खरखरीत कापड जखमेला लावायचं नाही. कातडीवरही साधा साबण आणि मऊ कापड, बाहेरून आत. घासून लाल केलेली कातडी म्हणजे नवी जखम. केस असतील तर नुसता शॅम्पू. कंडिशनर नको, कारण त्याने कण केसांना चिकटून राहतात. केस काढावेच लागले तर कात्रीने, वस्तरा नाही.

कधी थांबायचं? समजा पहिल्या मोजणीत ४,००० आकडा होता. धुतल्यावर १,२०० झाला, मग ५००, मग ४७०. शेवटच्या फेरीत दहा टक्केही उतरला नाही, तेव्हा थांबा. किंवा बॅकग्राउंडच्या दुपटीपर्यंत खाली आला तरी थांबा. आकडा शून्यावर आणायचा हट्ट नवखे लोक धरतात आणि जखमेचा चिंधडा करतात. उरलेलं बरंचसं ड्रेसिंगवर उतरतं, खपलीबरोबर निघून जातं.

जखमेच्या प्रकारानुसार फरक पडतो. खरचटलेली जखम पसरट असते, पदार्थ लवकर शोषते, पण धुवायला सोपी. चिरलेली जखम नेहमीच्या शस्त्रक्रियेच्या नियमांनी साफ करायची, मृत ऊती काढायची. टोचलेली जखम दिसायला क्षुल्लक आणि सगळ्यात अवघड, कारण तोंड बंद आणि पदार्थ खोल. भाजलेल्या जागी हलक्या हाताने धुवा, फोड फोडू नका.

धातूचा तुकडा दिसला तर बोटाने कधीही उचलू नका, हातमोज्याच्या बोटानेही नाही. लांब चिमट्याने उचला आणि सरळ शिशाच्या डब्यात. तुकडा सोर्सचाच असेल तर काही सेकंदांचा स्पर्शही बोटाला महागात पडतो. चिमट्याच्या लांबीएवढं अंतर इथे खूप काम करतं.

किती कापायचं हा प्रश्न शल्यचिकित्सकाने आणि आरएसओंनी मिळून सोडवायचा. ग्लोव्ह बॉक्समध्ये, म्हणजे हातमोजे बसवलेल्या बंद पेटीत, काम करताना प्लुटोनियम लागलेली सुई बोटात घुसली तर थोडी ऊती काढणं अनेकदा योग्य ठरतं, कारण प्लुटोनियम आयुष्यभर हाडात आणि यकृतात बसतं. टेक्नेशियमसाठी कुणी बोट कापायला निघालं तर त्याला हाताला धरून बाहेर न्या.

९. औषध: नाव कळल्याशिवाय नाही

'ती आयोडीनची गोळी द्या ना', हे प्रत्येक वेळी कुणीतरी म्हणतंच. पोटॅशियम आयोडाइड, प्रौढांना १३० मिलिग्रॅम, फक्त किरणोत्सारी आयोडीनसाठी आणि फक्त थायरॉइडसाठी, तेही पहिल्या काही तासांत. सीझियम, कोबाल्ट, प्लुटोनियम यांच्यावर तिचा काडीचा उपयोग नाही.

प्लुटोनियम, अमेरिशियम, क्युरियम: डीटीपीए. हे औषध धातूला पकडून लघवीवाटे बाहेर काढतं. पहिला डोस कॅल्शियम-डीटीपीए १ ग्रॅम, शिरेतून तीन-चार मिनिटांत सावकाश, जितक्या लवकर तितकं चांगलं. पहिल्या दिवसानंतर गरज असेल तर झिंक-डीटीपीए १ ग्रॅम रोज, कारण कॅल्शियमचा प्रकार शरीरातलं झिंकही ओढून नेतो. गरोदर स्त्रीला झिंकच्या प्रकारापासून सुरुवात करतात. या पदार्थांची खात्रीशीर माहिती असेल तर मोजणीच्या अंतिम अहवालासाठी पहिला डोस अडवून ठेवत नाहीत.

एक सापळा खास आपल्याकडचा. न्यूक्लिअर मेडिसिनच्या फ्रिजमध्ये 'डीटीपीए' लिहिलेली कुपी असते. ती किडनीच्या स्कॅनची किट आहे. तिच्यात औषध मिलिग्रॅममध्ये असतं आणि ती उपचारासाठी बनवलेली नाही. नाव सारखं म्हणून ती देऊ नका. उपचाराचं डीटीपीए अणुऊर्जा विभागाच्या वैद्यकीय यंत्रणेमार्फत मागवा.

हे औषध किती पुढे नेऊ शकतं याचं उदाहरण अमेरिकेतल्या हॅनफर्ड अणुकेंद्राचं आहे. ३० ऑगस्ट १९७६ रोजी हॅरॉल्ड मॅक्‌क्लस्की या ६४ वर्षांच्या कामगाराच्या तोंडासमोर स्फोट झाला. नायट्रिक अ‍ॅसिड, काचा, धातूचे कण आणि अमेरिशियम चेहऱ्यात आणि मानेत घुसलं. त्यांना सुमारे पाच महिने वेगळं ठेवलं, रोज धुतलं, कण वेचले, आणि डीटीपीए दीर्घकाळ दिलं. ते त्यानंतर अकरा वर्षं जगले, आणि गेले ते हृदयविकाराने.

युरेनियम: डीटीपीए देऊ नका. इथे धोका किरणांपेक्षा मूत्रपिंडाला, तोही रासायनिक. सोडियम बायकार्बोनेट देऊन लघवी अल्कधर्मी ठेवतात आणि क्रिएटिनिनवर लक्ष ठेवतात.

सीझियम आणि थॅलियम: प्रशियन ब्ल्यू. प्रौढांना ३ ग्रॅम दिवसातून तीनदा, म्हणजे अर्ध्या ग्रॅमच्या सहा कॅप्सूल एका वेळी. हे रक्तात जात नाही. आतड्यात फिरून येणारं सीझियम पकडून विष्ठेतून बाहेर नेतं, म्हणून ते जखमेतून गेलेलं असलं तरी उपयोगी. सीझियम-१३७ शरीरात निम्मं व्हायला एरवी सुमारे ११० दिवस लागतात, या औषधाने ते सुमारे महिन्यावर येतं. बद्धकोष्ठ होतं, पोटॅशियम तपासत राहा, आणि संडास निळी होणार हे पेशंटला आधीच सांगा. डीआरडीओच्या दिल्लीतल्या इन्मास संस्थेने या औषधाचं भारतीय रूप विकसित केलेलं आहे.

ब्राझीलमधल्या गोयानियात १९८७ साली पडीक दवाखान्यातून चोरलेला सीझियमचा सोर्स भंगारात फुटला, तेव्हा ४६ जणांना हे औषध दिलं गेलं. २४९ जणांना कंटॅमिनेशन सापडलं, चार जण दगावले. त्यातली एक सहा वर्षांची मुलगी. अंधारात चमकणाऱ्या त्या निळ्या भुकटीशी खेळून तिने त्याच हातांनी खाल्लं होतं. रेषेच्या आत चहा का नको, हे मी आता या मुलीची गोष्ट सांगूनच समजावते.

ट्रिटियम: भरपूर पाणी. बाकी काही नाही.

१०. शिवायचं की उघडं ठेवायचं

आकडा खाली आला, जखम स्वच्छ आहे, तर नेहमीप्रमाणे शिवा. अल्फा पदार्थ आत उरल्याची शंका असेल तर तज्ज्ञ येईपर्यंत उघडी ठेवून झाका. धनुर्वाताचं इंजेक्शन आणि अँटिबायोटिकचे नियम तेच. सुईने टोचलं असेल तर एचआयव्ही आणि हिपॅटायटिस बीचं काम समांतर सुरू, अर्थात माझ्या चाळीस मिनिटांची किंमत न मोजता.

जखमेबरोबर संपूर्ण शरीराला मोठा डोसही लागला असेल तर घड्याळ वेगळं चालतं. लागेल ती शस्त्रक्रिया पहिल्या ३६ ते ४८ तासांत उरकून जखम बंद करायची. त्यानंतर पांढऱ्या पेशी कोसळतात, जखम भरत नाही, जंतुसंसर्ग आवरत नाही, आणि बाकीच्या शस्त्रक्रिया रक्तपेशी सावरेपर्यंत, म्हणजे दोन-तीन महिने, पुढे ढकलाव्या लागतात.

११. कचरा आणि बाहेर पडणं

पिवळी आणि लाल पिशवी हाताला सवयीची असते, आणि तिथेच घोळ होतो. २०१६चे जैववैद्यकीय कचऱ्याचे नियम किरणोत्सारी कचऱ्याला लागू नाहीत. पिवळ्या पिशवीत गेलं की ते सामायिक भट्टीत जाणार. म्हणून वेगळ्या दुहेरी पिशव्या, त्यावर किरणोत्साराचं चिन्ह, आणि ताबा आरएसओंकडे. धुतलेलं पाणी जमेल तेवढं साठवा, पण पाणी साठवायला भांडं नाही म्हणून जखम धुणं थांबवू नका.

बाहेर येताना रेषेजवळ उभं राहून आधी वरचे हातमोजे, मग चिकटपट्ट्या, मग गाऊन आतली बाजू बाहेर करत, मग टोपी, चष्मा आणि मास्क. बुटाचं एकेक आवरण काढायचं आणि तो पाय लगेच रेषेपलीकडे ठेवायचा. आतले हातमोजे शेवटी. मग हात, पाय, चेहरा मोजून घ्या आणि अंघोळ करा. दुसऱ्या ड्रिलमध्ये सगळं बरोबर केलं आणि शेवटी मास्क सारखा करायला मी बाहेरच्या हातमोज्याने नाकाला हात लावला. अतिनील दिव्याखाली माझं नाक चमकत होतं. इंटर्न अजून हसतात.

१२. कागद

एमएलसीची, म्हणजे मेडिको-लीगल केसची, नोंद. शरीराची आकृती, प्रत्येक फेरीच्या आकड्यांसह. मीटरचं नाव, प्रोब, बॅकग्राउंड. नमुन्यांची यादी आणि ते कुणाच्या ताब्यात दिले त्याची सही. पदार्थाचं नाव कुणी सांगितलं आणि कशावरून. पेशंटचा टीएलडी क्रमांक. दिलेलं औषध, वेळ. आत गेलेल्या प्रत्येकाचं नाव, मावशी आणि मामांसकट.

पेशंटला घरी सोडताना घरचे हमखास विचारतात, "बाळाला जवळ घेऊ दे का?" धुऊन, मोजून, जखम झाकून सोडलेल्या माणसाला बहुतेक वेळा हो असंच उत्तर असतं, पण ते आरएसओंनी मोजणी बघून द्यायचं आणि कागदावर लिहून द्यायचं. तोंडी सांगितलेलं उत्तर चाळीत पोचेपर्यंत बदलतं. ड्रेसिंग घरी बदलू नका, इथेच या, आणि काढलेली पट्टी कचऱ्यात टाकू नका, एवढं मोठ्या अक्षरात डिस्चार्ज कार्डावर लिहा. फेरतपासणीची पहिली तारीख दुसऱ्याच दिवसाची द्या, आणि लघवीची मोठी बाटली त्याच्या हातात देऊनच त्याला रिक्षात बसवा.